नवा आला म्हणून जुना बिघडतो का?



आपल्या धर्मग्रामातील बरेच तरुण आज फोटोग्राफीच्या व्यवसायात आहेत. कुणी नोकरी सांभाळून रविवारची लग्ने घेतो, तर कुणी पूर्णवेळ त्याच कामात आहे. लग्नाचा मोसम जवळ आला की ही मुले मिस्सानंतर भेटतात आणि बोलता बोलता कॅमेऱ्याचा विषय निघतो, कारण मला या यंत्राची आवड आहे हे त्यांना ठाऊक आहे. यंदा एकच प्रश्न मला तिघांनी विचारला. त्यात दोन मुलगे आणि एक मुलगी. ‘फादर, जुना घेऊ की नवा?’ तिघांनाही मी लगेच उत्तर दिले नाही. प्रश्न साधा दिसला तरी त्याच्या पोटात बरेच काही आहे, आणि त्याचा संबंध केवळ फोटोग्राफरांशी नाही. मोबाईल, मोटारसायकल, शिवणयंत्र किंवा विहिरीवरचा पंप घेताना ज्यांनी रात्र जागून काढली असेल त्यांनीही पुढचे वाचावे.

ज्यांना हा विषय अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. पूर्वीच्या रोलच्या कॅमेऱ्यात फिल्मवरील एका चौकटीचे माप ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असे. १९२५ मध्ये जर्मनीत लायका कॅमेरा बाजारात आला आणि हे माप जगभर रूढ होत गेले. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर आला. ज्याचा सेन्सर त्या जुन्या चौकटीएवढा, तो ‘फुल फ्रेम’ आणि ज्याच्या पोटात आरसा नाही तो ‘मिररलेस’. आरशाच्या कॅमेऱ्यात बटण दाबले की आरसा झटकन वर जाई आणि ‘खट्’ असा आवाज होई. वधू-वर वचने उच्चारत असताना त्या खट्-खट् आवाजाची साथ आम्ही धर्मगुरूंनी वर्षानुवर्षे सहन केली आहे, तेव्हा मिररलेस कॅमेऱ्याचा शोध लावणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानतो! सोनीने फुल फ्रेम मिररलेसची ‘ए-७’ ही मालिका २०१३ मध्ये सुरू केली. निकॉन आणि कॅनन या वाटेला २०१८ मध्ये लागले.

आपल्या तिघांपुढे जे दोन कॅमेरे होते ते याच मालिकेतले. मार्क ३ हा फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर झाला, तर मार्क ४ ऑक्टोबर २०२१ मध्ये. मार्क ३ वापरलेला आणि स्वस्तात मिळत होता, मार्क ४ महाग. पण गंमत पाहा, डिसेंबर २०२५ मध्ये मार्क ५ जाहीर झाला. म्हणजे आपण ज्याला नवा म्हणतो आहोत तोही कुणाच्या तरी दृष्टीने जुनाच. जुना आणि नवा हे शब्द कॅमेऱ्याबद्दल काही सांगतात की कॅमेऱ्यांच्या रांगेबद्दल, हे आधी पाहायला हवे.

प्लेटोच्या ‘थिएटेटस’ या संवादात एक छोटेसे कोडे आहे. वयस्कर सॉक्रेटिस आज वाढत्या वयाच्या थिएटेटसपेक्षा उंच आहे. वर्षभराने तो त्याच्यापेक्षा ठेंगणा ठरेल, कारण मुलगा वाढेल. सॉक्रेटिसच्या उंचीत तसूभरही फरक पडलेला नसेल, आणि तरीही ‘उंच’ सॉक्रेटिस ‘ठेंगणा’ झाला असे लोक म्हणतील. मग बदल झाला तो कुणात? विसाव्या शतकातील इंग्लिश कॅथलिक तत्त्वज्ञ पीटर गीच यांनी अशा बदलाला ‘केंब्रिज बदल’ असे थोडे खोडकर नाव दिले. वस्तूविषयी काल खरे असलेले एखादे वाक्य आज खोटे ठरते, पण वस्तू मात्र आहे तिथेच आणि आहे तशीच असते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये मार्क ३ च्या बाबतीत हेच घडले. ज्या दिवशी मार्क ४ जाहीर झाला त्या दिवशी मार्क ३ चा सेन्सर मंद झाला नाही आणि त्याच्या फोटोतले रंगही विटले नाहीत. उलट, काही वेळा जुने यंत्र हातात असतानाच सुधारते. एप्रिल २०१९ मध्ये सोनीने मार्क ३ साठी एक नवी प्रणाली विनामूल्य दिली आणि त्याच कॅमेऱ्याला माणसाच्या डोळ्यावर फोकस धरून ठेवण्याचे काम अधिक चांगले जमू लागले. प्राण्यांचे डोळेही तो ओळखू लागला. जुन्या कॅमेऱ्यात खरे बदल होतात ते निराळे. शटर झिजते, वापरून वापरून रबर सैल होते, काही वर्षांनी सुटे भाग मिळेनासे होतात. ते बदल जरूर मोजावेत. नव्याच्या जाहिरातीमुळे मनात जो बदल होतो तो कॅमेऱ्यातला नसतो, एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे मात्र सोपे नाही, कारण नवा कॅमेरा काही बाबतींत खरोखरच चांगला आहे. साधी राहणी चांगली म्हणून जुना घ्या, असे सांगून मला मोकळे होता आले असते. पण स्वस्त वस्तू घेण्यात आपोआप सद्गुण नसतो. तेव्हा फरक काय आहेत ते पाहू या.

सर्वांत मोठ्या अक्षरात छापला जातो तो पिक्सेलचा आकडा. मार्क ३ मध्ये २ कोटी ४० लाख, मार्क ४ मध्ये ३ कोटी ३० लाख. ऐकायला हा फरक प्रचंड वाटतो. पण हे पिक्सेल आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांना वाटले जातात. मार्क ३ चा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो, मार्क ४ चा ७००८; म्हणजे रुंदीत वाढ सुमारे १७ टक्के. इंचाला ३०० ठिपके या चांगल्या छपाईच्या हिशेबाने पहिला फोटो २० इंच रुंद छापता येतो, दुसरा साधारण साडेतेवीस इंच. आपल्याकडे लग्नाच्या अल्बमचे पान १२ इंच उंच आणि १८ इंच रुंद असले तरी ते मोठे मानतात. दोन्ही कॅमेरे ते पान सहज भरतात. आणि आता तर अल्बम वर्षातून एकदा उघडला जातो, बाकी सारे फोटो मोबाईलवर बोटभर आकारात पाहिले जातात.

अंधारात काम करण्याच्या बाबतीत दोघांत सांगण्यासारखा फरक नाही. इथे एक गणित मी मुलांना नेहमी करायला लावतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी झूम लेन्स पुढे ताणली की तिचे तोंड एफ ५.६ इतकेच उघडते. एफ १.८ पर्यंत उघडणारी साधी लेन्स लावली तर सेन्सरवर जवळजवळ दहापट प्रकाश पडतो. कोणत्याही कंपनीची नवी आवृत्ती जुनीपेक्षा दहापट प्रकाश देत नाही. सोनीची ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स २०१६ मध्ये अडीचशे डॉलरला निघाली. मार्क ३ आणि मार्क ४ यांच्या मूळ किमती सुमारे २००० आणि २५०० डॉलर होत्या. म्हणजे दोघांमधल्या फरकाच्या निम्म्या पैशात चर्चच्या काळोख्या कोपऱ्यातला प्रकाश मिळतो. तीच लेन्स दोन्ही कॅमेऱ्यांना बसते. बॅटरीही दोघांना एकच चालते. आणि गंमत म्हणजे एका चार्जमध्ये जुना मार्क ३ जास्त फोटो देतो, ठरावीक चाचणीत ७१० विरुद्ध ५८०.

मिस्साच्या वेळी आवाज नको म्हणून मुले बिनआवाजी शटर वापरतात. तिथे दोन्ही कॅमेऱ्यांचा दोष एकच आहे. सेन्सर वरपासून खालपर्यंत ओळीओळीने आणि सावकाश वाचला जातो, त्यामुळे काही एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात. नव्या कॅमेऱ्यावर जास्त पैसे घालूनही हा त्रास गेला नाही.

मग नव्यात जास्त काय आहे? हलत्या माणसावर फोकस धरून ठेवणे त्याला नक्कीच अधिक चांगले जमते. पडदा बाजूला उघडून हवा तसा फिरवता येतो. आणि व्हिडिओच्या बाबतीत तर तो एक पायरी वर आहे. जुना प्रत्येक रंगाच्या २५६ छटा नोंदवतो, नवा १०२४. संध्याकाळच्या आकाशाचे रंग नंतर संगणकावर दुरुस्त करताना हा फरक लगेच कळतो, कारण जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रात आकाशाला पायऱ्या पडतात. संथ गतीसाठी ४के दर्जाचा व्हिडिओ सेकंदाला ६० चित्रांनी घेता येतो, जरी त्या वेळी सेन्सरचा मधलाच भाग वापरला जात असला तरी. मार्क ३ मध्येही संथ गती आहे, पण कमी तपशिलाची.

एवढी यादी हातात आल्यावर बहुतेक माणसे बेरीज करायला बसतात. याचे इतके गुण, त्याचे तितके गुण. मला ही रीत पटत नाही, कारण यातले सगळे फरक एका जातीचे नाहीत. प्रत्येक फरकापुढे मी एक प्रश्न ठेवतो. हे माझ्याकडे नसले तर नुकसान कुणाचे?

एक उदाहरण देतो. लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. मेमरी कार्ड बिघडले तर वधूच्या आईचे ते रडणे, आजोबांनी कपाळावर काढलेला तो क्रूस, सारे गेले. म्हणूनच कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असणे आणि प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हीवर उतरणे फार मोलाचे आहे. मार्क ३ आणि मार्क ४ दोघांतही ती सोय आहे. पण २०१८ मध्ये आलेल्या निकॉनच्या झेड ६ मध्ये एकाच कार्डाला जागा होती, त्याच वर्षीच्या कॅननच्या ईओएस आरमध्येही एकालाच. निकॉनने २०२० च्या झेड ६ मार्क २ मध्ये दुसरी जागा दिली. आता कुणी लग्नाची कामे घेणारा मुलगा मला विचारेल, ‘फादर, झेड ६ घेऊ की मार्क २?’ तर मी क्षणाचाही विलंब न लावता नवा घे असे सांगेन, मग त्यासाठी सहा महिने थांबावे लागले तरी चालेल. इथे नवेपणा ही हौस उरत नाही. ज्यांनी विश्वासाने आपला दिवस त्याच्या हाती सोपवला त्यांचे ते देणे आहे. एक कार्ड असलेल्या कॅमेऱ्याने घरच्या सहलीचे फोटो काढायला माझी काहीच हरकत नाही. तिथे नुकसान झाले तर ते त्याचे स्वतःचे.

तीच कसोटी पिक्सेलला लावून पाहा. ३ कोटी ३० लाखांऐवजी २ कोटी ४० लाख पिक्सेल मिळाले म्हणून आपल्या धर्मग्रामात एखाद्या वधूचे नुकसान झाले आहे काय? मला तरी तशी एकही ठाऊक नाही.

आता इच्छेकडे वळतो. चांगल्या वस्तूची ओढ वाटणे हे पाप आहे असे मी म्हणणार नाही. सुताराला चांगला रंधा आवडतो, बाईला चांगली पाटी-वरवंटा आवडते, आणि त्या आवडीतूनच हाताचे काम सुधारते. संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलच्या आधाराने या बाबतीत एक बारीक भेद केला आहे. साध्याची इच्छा अमर्याद असू शकते, साधनाची इच्छा मात्र साध्याने मापली जाते. त्यांचे उदाहरण आरोग्याचे आहे. आरोग्य कितीही मिळाले तरी कुणाला नको नसते, पण औषध मात्र लागेल तेवढेच. शहाणा माणूस कधी अमर्याद औषध मागत नाही. जेव्हा एखाद्याला औषधच अमर्याद हवेसे वाटू लागते तेव्हा समजावे की साधनाने साध्याची जागा घेतली आहे.

कॅमेऱ्याच्या बाबतीत हे ओळखायचे कसे? मी मुलांना विचारतो, ‘जुन्या कॅमेऱ्याने तुला कोणता फोटो काढता आला नाही, तो मला सांग.’ ज्याच्याकडे उत्तर असते तो लगेच सांगतो. मांडवात नाचणाऱ्यांचे चेहरे धूसर येतात, आकाशाला पायऱ्या पडतात, वगैरे. ज्याच्याकडे उत्तर नसते तो आकडे सांगू लागतो.

दुसरी गोष्ट खर्चाची. फ्रेंच विचारवंत दिदरो चर्चचा मित्र मुळीच नव्हता, पण खरे बोलणाऱ्याचे ऐकावे. त्याने १७६९ मध्ये आपल्या जुन्या घरगुती झग्याविषयी एक निबंध लिहिला. झाले असे की त्याच्याकडे एक उंची, लालभडक नवा झगा आला. तो घालून तो खोलीत बसला तेव्हा खोलीतील गवताच्या विणीची खुर्ची त्याला गबाळी वाटू लागली. तिच्या जागी चामड्याची आरामखुर्ची आली. मग साधे टेबल गेले, फळीच्या जागी कपाट आले, आणि शेवटी या सगळ्या श्रीमंतीत तो आपल्या जुन्या झग्यासाठी हळहळत बसला. मार्क ४ चा झगाही असाच आहे. त्याची पूर्ण आकाराची रॉ फाईल ६५ ते ७० एमबीची, मार्क ३ ची ४७-४८ एमबीची. एका लग्नात ३००० फोटो काढले तर १४० जीबीच्या जागी २०० जीबी. मग मोठी कार्डे, मोठ्या हार्ड डिस्क, त्यानंतर संगणक हळू चालतो म्हणून नवा संगणक. कॅमेऱ्याच्या किमतीचे हप्ते ठरवताना हे हप्ते कुणी मोजत नाही.

तिसरी गोष्ट मी जरा स्पष्ट बोलणार आहे आणि ती फोटोग्राफरांसाठी नाही, लग्नघरातील मंडळींसाठी आहे. या मुलांना नव्या कॅमेऱ्याचा ध्यास लागतो त्याला आपणही थोडेफार कारण आहोत. काम ठरवायला गेल्यावर अल्बम मांडीवर घेऊन शांतपणे पाहणारी माणसे कमी. ‘कॅमेरा कुठला? लेटेस्ट आहे ना?’ हा पहिला प्रश्न. शेजारच्या गावातल्या लग्नात ड्रोन होता, तुमच्याकडे आहे का, हा दुसरा. एक मुलगा मला म्हणाला, ‘फादर, माझे फोटो कुणी बघतच नाही, कॅमेऱ्याचा नंबर बघतात.’ त्याच्या बोलण्यात तक्रार होती आणि ती रास्त होती. आपल्या घरच्या मोठेपणासाठी दुसऱ्याच्या मुलाने कर्ज काढावे अशी अपेक्षा करण्याचा आपल्याला काय अधिकार? आणि इथे एक लहानशी विनंतीही करून टाकतो. ठरलेली रक्कम वेळेवर द्या. मांडववाल्याला, बँडवाल्याला, जेवणवाल्याला पैसे पोचतात आणि फोटोग्राफर अल्बम देईपर्यंत लटकत राहतो. त्याचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला जातो.

आता त्या तिघांकडे येतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

पहिला मुलगा फक्त फोटोंची कामे घेतो, व्हिडिओ दुसऱ्याकडे देतो. मार्क ४ तो हप्त्याने घेणार होता. त्याची बहीण नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिची फी तोच भरतो. ‘फी थांबणार नाही फादर, मी जास्त कामे घेईन,’ असे तो म्हणाला. मी त्याला विचारले, मोसमात तू किती रविवार मिस्सा चुकवतोस हे मी विचारत नाही, पण किती रात्री झोपतोस? तो हसला. त्याच्याकडे वर सांगितलेल्या प्रश्नाचे उत्तर होते. चर्चमधले फोटो त्याला काळे आणि दाणेदार येत होते. त्याला जे हवे होते ते लेन्समध्ये होते, कॅमेऱ्यात नव्हते. वापरलेला मार्क ३, एक एफ १.८ लेन्स आणि एक चांगला फ्लॅश, एवढ्यात त्याचे काम भागते, आणि फी शिल्लक राहते. मी त्याला तसे सांगितले. कॅमेऱ्याचा नंबर विचारणाऱ्या गिऱ्हाइकांचे काय करायचे, याचे उत्तर मात्र माझ्याकडे नव्हते; ते तुमच्याकडे आहे.

दुसरा मुलगा लग्नाच्या फिल्म करतो, त्याचे पोटच व्हिडिओवर आहे. मार्क ३ स्वस्त म्हणून तो त्याच्याकडे वळला होता आणि घरचेही ‘उधळपट्टी नको’ म्हणून त्याच्या मागे लागले होते. त्याला मी मार्क ४ घ्यायला सांगितले. त्याच्या आईला हे फारसे आवडले नाही, आणि फादरच पोरांना खर्चाला लावतात असे बोलणे माझ्या कानावर आले. पण रंगांच्या छटा आणि संथ गती या गोष्टी त्याच्या कामाच्या पोटातल्या आहेत. ज्या गोष्टीसाठी लोक त्याला पैसे देतात त्यातच त्याने काटकसर केली तर ती काटकसर त्यांच्या खिशातून होते. गेल्या मोसमाचे पैसे त्याच्याजवळ साठलेले होते, कर्ज काढावे लागत नव्हते. काढावे लागले असते तर मी त्याला एक मोसम थांबायला सांगितले असते.

ती मुलगी नोकरी करते आणि पक्ष्यांचे फोटो काढते. कुणाचे देणे नाही, घरी जबाबदारी नाही, पैसे स्वतःचे. मार्क ४ पक्ष्यांचे डोळे ओळखतो, मार्क ३ ला ते येत नाही. तिला मी म्हटले, तुला परवडत असेल तर आनंदाने घे. तिची अडचण निराळीच होती. दीड वर्ष ती ठरवत होती. रोज रात्री यूट्यूबवर तुलना पाहायची. मार्क ५ आल्यावर तर प्रकरण आणखी लांबले, कारण आता मार्क ४ ची किंमत उतरेल का याची वाट पाहणे सुरू झाले. या दीड वर्षात पावसाळे आले-गेले, थंडीतले पाहुणे पक्षी येऊन परत गेले.

संत थॉमस विवेकाच्या तीन पायऱ्या सांगतात. आधी सल्लामसलत, मग निर्णय, आणि मग स्वतःला दिलेली आज्ञा, म्हणजे ठरवलेले करून टाकणे. या तिघांत मुख्य ती तिसरी, असे त्यांचे म्हणणे आहे. सेमिनरीत हे शिकताना मला नवल वाटले होते, कारण विवेकी माणूस म्हणजे पुष्कळ विचार करणारा अशी माझी समजूत होती. आज या मुलांकडे पाहताना ते पटते. पहिल्या पायरीवर बसायला जागा चांगली आहे, सोबतीला हजारो व्हिडिओ आहेत, आणि तिथे बसलेल्याला आपण काळजीपूर्वक वागतो आहोत असे वाटत राहते. तिला मी पंधरा दिवसांची मुदत दिली. ती दहाव्या दिवशी फोर्टमध्ये जाऊन आली. कुठला घेतला ते मी लिहीत नाही, भेटलात तर तिच्याकडून फोटो मागून पाहा.

ज्यांना वापरलेला कॅमेरा घ्यायचा आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो, कारण हे विचारायला बरेच जण येणार हे मला ठाऊक आहे. शटर किती वेळा उघडले तो आकडा मोटारीच्या किलोमीटरसारखा असतो. ताज्या फोटोच्या फाईलमधून तो काढता येतो. मार्क ३ चे शटर सोनीने सुमारे २ लाख फोटोंपर्यंत तपासलेले आहे. त्यापुढे ते लगेच बंद पडते असे नाही, पण ५० हजारांवर असलेला आणि १ लाख ८० हजारांवर असलेला यांची किंमत एक असू नये. दोन्ही कार्डे घालून दोन्हीवर फोटो उतरतात का पाहावे. लेन्सचे तोंड एफ १६ वर लहान करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा, सेन्सरवर धूळ किंवा ओरखडा असेल तर काळा ठिपका दिसतो. दहा मिनिटे सलग व्हिडिओ चालवून पाहावा. आणि मूळ बिल मागावे. लग्नाच्या गर्दीतून कॅमेऱ्याच्या बॅगा नाहीशा होतात आणि त्या कुठेतरी विकल्या जातातच. बिल नसलेला कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आणि बिल असले तरी कॅमेऱ्यावरचा क्रमांक त्यावरच्या क्रमांकाशी जुळतो की नाही, हे पैसे देण्यापूर्वी विकणाऱ्याच्या समोरच पाहून घ्या.

आपले धर्मगुरू